वणवा दुकानाच्या दारात येण्याआधी

(तरुण व्यावसायिकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)

दोस्तांनो, वणवा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर डोंगर येतो, बाजारपेठ येत नाही. म्हणून आज अल्टाडेनाबद्दल बोलतो. लॉस एंजेलिसजवळ, डोंगराच्या पायथ्याशी वसलेली ही वस्ती. ७ जानेवारी २०२५च्या संध्याकाळी तिथल्या ईटन दरीत आग लागली. कित्येक महिने धड पाऊस नव्हता आणि वाळवंटाकडून सुटणारा सांता आना वारा बेफाम होता. ९,०००हून जास्त इमारती गेल्या. त्यात घरं होती, शाळा होत्या, मस्जिद अल-तक्वा होती आणि लोकांनी पिढ्यानपिढ्या चालवलेली दुकानं होती.

आग भिंतीसारखी चालत येते असं आपल्याला वाटतं. पण वस्तीतल्या बहुतेक इमारती पेटतात त्या वाऱ्यावर उडून आलेल्या ठिणग्यांनी. ठिणगी पन्हळीतल्या पाचोळ्यात पडते, झरोक्यातून माळ्यावर शिरते, मागच्या दाराशी रचलेल्या खोक्यांत अडकते. म्हणून कॅलिफोर्नियात दुकानदारांना सांगतात, भिंतीपासून पाच फुटांत पेटणारं काही ठेवू नका आणि झरोक्यांना बारीक धातूची जाळी लावा. याला फार पैसा लागत नाही. आपल्याकडे दुकानामागे काय काय साठवलेलं असतं, ते तुम्हीच आठवा!

दुसरी गोष्ट, सरकारी सूचनेची वाट पाहू नका. अल्टाडेनाच्या पश्चिम भागाला घरं सोडण्याचा आदेश आग लागून कित्येक तास झाल्यावर, मध्यरात्र उलटून गेल्यावर आला. मेलेल्यांपैकी जवळजवळ सगळे त्याच भागातले. दुकानात रात्री कोण झोपतं, त्याला कोण उठवणार, गॅस कोण बंद करणार, हे आधी ठरलेलं हवं.

आता पैशाचं. दुकान वाचलं म्हणजे धंदा वाचला असं नाही. अल्टाडेनात काही भागांत नळाचं पाणी पिऊ नका, असं बजावलं गेलं. उपाहारगृह उभं असूनही चुलीवर काय ठेवणार? गिऱ्हाईक विखुरलं. माळी, घरकाम करणाऱ्या बाया, रोजंदारीवाले यांची तर कामाची घरंच जळाली. मालकाला निदान विम्याचा कागद दाखवता येतो, त्यांच्याकडे तोही नव्हता. कामगारांचे फोन नंबर आणि महिनाभराची मजुरी बाजूला ठेवणं, हीसुद्धा आगीची तयारीच आहे.

विम्याबद्दल आपल्या घरांत वाद होतात, मला माहीत आहे. वाद करा, आलिमांना विचारा, पण निर्णय आग लागण्याआधी घ्या. आणि घेतलाच, तर पॉलिसी वाचा. आपल्याकडच्या जुन्या प्रमाणित आग-विम्यात जंगलातला वणवा मूळ संरक्षणात नव्हता, जादा हप्ता भरावा लागे. १ एप्रिल २०२१पासून ५ कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी असलेल्या ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ पॉलिसीत तो धरलेला आहे. मात्र बंद पडलेल्या दिवसांची कमाई त्यात येत नाही, ती वेगळी घ्यावी लागते. आणि हप्ता वाचवायला माल अर्धाच दाखवला, तर भरपाईही त्याच प्रमाणात कापली जाऊ शकते. २० लाखांचा माल १० लाखांचा दाखवला आणि ४ लाखांचा जळला, तर हातात २ लाखच येतील, अशी तयारी ठेवा.

हे सगळं अमेरिकेचं म्हणून सोडू नका. कोकणात दर उन्हाळ्यात वणव्यात आंबा-काजूच्या बागा जातात. ज्यांच्या घरी बाग आहे त्यांना जाळरेषा म्हणजे काय ते सांगायला नको. पण त्याच डोंगराखाली ज्यांचं गॅरेज, वखार किंवा बेकरी आहे, त्यांनी आपल्या मागच्या बाजूचं गवत कधी कापलंय?

आज घरी गेलात की एक करा. मोबाईल काढा, दुकानातलं प्रत्येक कपाट उघडून चित्रीकरण करा, यंत्रांचे नंबर, बिलं, परवाना, भाडेकरार यांचे फोटो घ्या आणि ते दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाला पाठवून ठेवा. अर्ध्या तासाचं काम आहे. आता तुमचे प्रश्न घेतो.