स्पेशल इंग्रजी घेणाऱ्या मुलीला काय सांगावे?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



बारावीचा निकाल लागला की तालुक्याच्या कला महाविद्यालयात प्रवेशाची धांदल सुरू होते. त्या दिवसांत गावचा राजकीय कार्यकर्ता पीककर्जाच्या नाही तर रेशनकार्डाच्या प्रकरणांत गुंतलेला असतो. त्याच्याच आळीतील एखादी मुलगी, जिच्या घरात पदवीपर्यंत आजवर कोणी पोहोचलेले नाही, अर्ज हातात घेऊन त्याच्याकडे येते आणि विचारते, ‘दादा, स्पेशल विषय कोणता घेऊ? सर म्हणतात, इंग्लिश घे.’ २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर ‘स्पेशल’च्या जागी ‘मेजर’ हा शब्द आला. प्रश्न मात्र तोच राहिला आहे.

या प्रश्नाला समाजवादी कार्यकर्त्याकडून साधारणतः दोन उत्तरे मिळतात. जुन्या वळणाचा कार्यकर्ता म्हणतो, परक्या भाषेच्या मागे कशाला लागतेस, मराठी घे, इतिहास घे. नव्या वळणाचा म्हणतो, घे, इंग्रजीला मरण नाही, नोकरी ठरलेली. दोन्ही उत्तरे फारसा विचार न करता दिलेली असतात आणि त्यांची किंमत उत्तर देणारा मोजत नाही. ती मोजते ती मुलगी, आणि तिच्या शिक्षणासाठी शेरडू विकणारा तिचा बाप.

पहिल्या उत्तराच्या पाठीशी डॉ. राममनोहर लोहिया उभे आहेत असा एक समज चळवळीत रूढ आहे. तो अर्धवट वाचनातून झालेला आहे. उच्च जात, संपत्ती आणि इंग्रजी शिक्षण ही या देशातील सत्ताधारी वर्गाची लक्षणे होत, हे लोहियांचे निदान होते. ‘अंग्रेजी हटाओ’ची हाक त्यांनी दिली ती कचेरी, न्यायालय, विधिमंडळ आणि शिक्षणाचे सक्तीचे माध्यम या ठिकाणांहून इंग्रजी हटविण्यासाठी. कोणी स्वेच्छेने ती भाषा शिकू नये, असे त्यांचे म्हणणे नव्हते. बर्लिनला जाऊन डॉक्टरेट मिळविणारा आणि ‘मॅनकाइंड’ हे इंग्रजी मासिक चालविणारा माणूस असे म्हणेलच कसा? त्यांचा रोख भाषेवर नव्हता, भाषेच्या मक्तेदारीवर होता. हा भेद विसरला की, मक्तेदारी ज्यांच्या हाती आहे त्यांना धक्काही लागत नाही आणि ज्यांच्या हाती काहीच नाही त्यांनाच त्यागाचा उपदेश केला जातो. इंग्रजीविरुद्ध व्याख्याने देणाऱ्या किती पुढाऱ्यांची नातवंडे मराठी शाळेत जातात, याची मोजदाद एकदा प्रत्येक जिल्ह्यात व्हावयास हरकत नाही.

लोहियांच्या विचाराची सरकारी पातळीवर एक कसोटी बिहारमध्ये लागली. १९६७ साली संयुक्त विधायक दलाच्या मंत्रिमंडळात शिक्षणमंत्री असताना कर्पूरी ठाकूर यांनी मॅट्रिकच्या परीक्षेत इंग्रजी उत्तीर्ण होण्याची सक्ती काढून टाकली. पांढरपेशा समाजाने या निर्णयाची ‘कर्पूरी डिव्हिजन’ म्हणून वर्षानुवर्षे टिंगल केली. पण निर्णय न्यायाचा होता. ज्या पोरांना घरी एक इंग्रजी शब्द ऐकू येत नव्हता, आणि ज्या मुलींचे शिक्षण त्या एका विषयापायी थांबून लग्न उरकले जाई, त्यांना मॅट्रिकचा उंबरठा ओलांडता आला. कर्पूरी ठाकुरांना २०२४ साली मरणोत्तर भारतरत्न मिळाले, तेव्हा थट्टा करणारेही स्तुती करू लागले, हा भाग वेगळा. मुद्दा असा की, उंबरठा ओलांडल्यावर आतले दरवाजे पूर्वीसारखेच बंद होते. वैद्यक, अभियांत्रिकी, वरची न्यायालये, मोठ्या कंपन्या यांतील इंग्रजीची सत्ता एका राज्याच्या शिक्षणमंत्र्याने हलणारी नव्हती. सक्ती काढणे हे काम अर्धे होते. गरिबाच्या मुलाला ती भाषा उत्तम रीतीने शिकविणे हे उरलेले अर्धे, आणि ते कोणत्याही पक्षाच्या सरकारने मनावर घेतले नाही.

महाराष्ट्रात तर या बाबतीत संभ्रम असण्याचे कारणच नव्हते. सावित्रीबाई फुल्यांनी १८५४ च्या ‘काव्यफुले’ या संग्रहात इंग्रजीचे माउली म्हणून स्वागत केले. जोतीराव पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकले आणि टॉमस पेनच्या ग्रंथांतून मानवी हक्कांचा विचार त्यांच्यापर्यंत पोहोचला. ‘गुलामगिरी’ हे पुस्तक त्यांनी १८७३ साली मराठीत लिहिले. तिची प्रस्तावना मात्र इंग्रजीतही दिली आणि ते अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केले. डॉ. आंबेडकरांना शाळेत संस्कृत शिकावयाचे होते. ते अस्पृश्याच्या मुलाला शिकविले जाईना, म्हणून पर्शियन घ्यावे लागले. इंग्रजीच्या वर्गात निदान श्रुतिस्मृतींचा पहारा नव्हता. आंबेडकरांचे मोठे ग्रंथ इंग्रजीत आहेत, पण ‘मूकनायक’, ‘बहिष्कृत भारत’ आणि ‘जनता’ ही पत्रे मराठीत निघाली. कोणाशी कोणत्या भाषेत बोलावयाचे, हे त्यांनी स्वतः ठरविले. भाषेचे स्वातंत्र्य म्हणतात ते हेच.

तेव्हा मुलीने इंग्रजी विषय घेणे हा काही मातृभाषेचा द्रोह नव्हे. येथवर जुन्या वळणाच्या कार्यकर्त्याचे उत्तर बाजूस सारता येते. पण नव्या वळणाचे उत्तर त्याहून अधिक फसवे आहे, आणि त्याकडे अधिक बारकाईने पाहिले पाहिजे.

इंग्रजी भाषा येणे आणि इंग्रजी साहित्याची पदवी मिळविणे या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. ग्रामीण भागातील विद्यार्थ्यांना हे कोणी सांगत नाही. हा विषय आला कोठून, याचा इतिहास ध्यानात घेतला म्हणजे घोटाळ्याचे मूळ सापडते. मेकॉलेचा खलिता १८३५ चा आणि मुंबई, मद्रास, कलकत्ता ही विद्यापीठे १८५७ ची. ऑक्सफर्ड विद्यापीठात मात्र इंग्रजी साहित्याची स्वतंत्र पदवी शाखा १८९४ साली सुरू झाली आणि केंब्रिजला तर १९१७ साली. म्हणजे इंग्रजांच्या नामांकित विद्यापीठांत इंग्रजी साहित्याला पदवीचे स्थान मिळण्यापूर्वी कित्येक दशके हिंदुस्थानातील तरुण शेक्सपिअर आणि मिल्टन परीक्षेसाठी घोकत होते. गौरी विश्वनाथन यांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवून दिले आहे की, धर्मोपदेश उघडपणे करता येत नव्हता म्हणून राज्यकर्त्यांनी साहित्याच्या द्वारे मनांवर संस्कार करण्याचा मार्ग शोधला. हा विषय रयतेच्या मुलाला भाषा यावी म्हणून निर्माण झालेला नव्हता. राज्यकर्त्यांबद्दल आदर बाळगणारा एक लहानसा वर्ग तयार व्हावा, हा त्याचा हेतू होता. रयतेच्या पैशातून वरच्या वर्गाचे उच्च शिक्षण चालते, ही जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे केलेली तक्रार याच व्यवस्थेविरुद्ध होती.

साहेब गेला, वर्ग बदलला, बाकांवर शेतकऱ्याची आणि मजुराची मुले आली, पण अभ्यासक्रमाचा सांगाडा पुष्कळसा तोच राहिला. तालुक्याच्या महाविद्यालयातील स्पेशल इंग्रजीचा तास एकदा बाहेर उभे राहून ऐकावा. प्राध्यापक कवितेची एक ओळ इंग्रजीत वाचतात, तिचा अर्थ मराठीत सांगतात आणि पुढच्या ओळीकडे वळतात. यात त्यांचा दोष थोडा आहे. समोरच्या मुलांची इंग्रजीशी ओळख पाठ्यपुस्तकापलीकडे गेलेली नसते. परीक्षा जवळ आली की बाजारातून गाईड येते. लेडी मॅक्बेथचे व्यक्तिचित्रण, ‘ट्रॅजेडी’ची व्याख्या, वर्ड्स्वर्थची निसर्गविषयक दृष्टी, सारे पाठ होते. पदवी हाती पडते. मग औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कारखान्यात मुलाखतीला गेल्यावर ‘तुमच्याविषयी सांगा’ एवढ्या एका वाक्याला उत्तर देताना त्या पदवीधराला घाम फुटतो. वर्ड्स्वर्थवर चार पाने लिहिणाऱ्यास रजेचा अर्ज लिहिता येत नाही. लोक त्याला हसतात, ‘इंग्लिशमध्ये बी.ए. आणि दोन वाक्ये बोलता येत नाहीत’. या हसण्याने होणारी जखम बेकारीइतकीच खोल असते. दोष आपल्या बुद्धीचा आहे असे तो धरून चालतो. वस्तुतः त्याला भाषा कोणी शिकविलीच नव्हती, केवळ तिची परीक्षा घेतली होती.

नोकरी ठरलेली, हेही तपासून पाहावे. २००० साली महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले, तेव्हा शिक्षकांना मागणी येईल या आशेने अनेकांनी इंग्रजी विषय घेतला. पण इंग्रजी विषय घेऊन बी.एड. झालेल्यांना भरतीची वाट पाहत वर्षे काढावी लागली. एम.ए. करून नेट-सेट उत्तीर्ण झालेल्यांची स्थिती याहून बरी नाही. महाविद्यालयांत पूर्ण वेळेच्या जागा भरल्या जात नाहीत; तासिका तत्त्वावर नेमणूक होते, तीही काही महिन्यांपुरती, आणि मानधन वेळेवर हातात पडत नाही. कायम जागा निघाली तर संस्थेला ‘देणगी’ किती द्यावी लागेल, ही चर्चा दबक्या आवाजात सुरू होते. इंग्रजीचा प्राध्यापक रोजंदारीवर शेक्सपिअर शिकवितो आणि सुटीत गावी शेतीत राबतो, असे चित्र आता अपवादात्मक राहिलेले नाही.

मग काय, मुलीने हा विषय घेऊच नये? तसेही नाही. साहित्याचा अभ्यास हा केवळ पोटाचा प्रश्न नसतो, आणि श्रमिकांच्या मुलांनी फक्त पोटापुरतेच शिकावे हा विचार समाजवाद्याच्या तोंडी शोभणारा नाही. प्रा. ग. प्र. प्रधान फर्ग्युसन महाविद्यालयात अनेक वर्षे इंग्रजी साहित्य शिकवीत. तेच प्रधान तुरुंगात गेले, विधान परिषदेत विरोधी पक्षनेते झाले, ‘साधना’चे संपादक झाले आणि ‘साता उत्तराची कहाणी’ त्यांनी मराठीत सांगितली. विंदा करंदीकर इंग्रजीचे प्राध्यापक; ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र, ‘फाउस्ट’ आणि ‘राजा लिअर’ त्यांनी मराठीत आणले. देशीवादाचा पुरस्कार करणारे भालचंद्र नेमाडे यांनीही बराच काळ इंग्रजीच शिकविली. या मंडळींना इंग्रजीने परके केले नाही, कारण त्यांच्या पायाखाली मराठीची भुई पक्की होती. आजच्या विद्यार्थ्याचे दुर्दैव असे की त्याला मराठीही नीट शिकविली जात नाही. मराठीला २०२४ साली अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, समारंभ झाले. पण तालुक्याच्या वाचनालयात नवी पुस्तके त्यामुळे येत नाहीत.

अभ्यासक्रम बदलता येतो, याचे उदाहरण इंग्रजांच्याच दुसऱ्या एका वसाहतीत घडले. केनियातील नैरोबी विद्यापीठात १९६८ साली न्गुगी वा थिओंगो आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी इंग्रजी विभागच रद्द करावा, अशी मागणी केली. न्गुगी स्वतः मकेरेरे येथून इंग्रजीचेच पदवीधर होते. शेक्सपिअर जाळा, असे त्यांचे म्हणणे नव्हते. अभ्यासाच्या मध्यभागी आफ्रिका असावी आणि तेथून इंग्लंडसह इतर जगाकडे पाहावे, एवढीच त्यांची मागणी होती. महाराष्ट्रात या दिशेने पाऊल पडलेच नाही असे नाही. फलटणच्या बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ माया पंडित यांच्या २००८ च्या अनुवादातून इंग्रजी विभागांत शिरले. ऊर्मिला पवार यांच्या ‘आयदान’चेही तसेच झाले. मात्र यात एक विचित्र योग आहे. ज्या वस्तीचे जिणे बेबीताईंनी लिहिले, तशाच वस्तीतील मुलगी ते पुस्तक परीक्षेसाठी इंग्रजीत वाचते, त्यावरचे गाईड पाठ करते, आणि मूळ मराठी पुस्तक तिने डोळ्यांनी पाहिलेलेही नसते. दोन्ही पुस्तके तिच्या हाती एकाच वेळी पडली, तर शब्दाला शब्द लावून ती भाषाही शिकेल आणि अनुवादात काय राहून गेले यावर प्राध्यापकांशी वादही घालू शकेल. असा वाद घालता येणे हाच या विषयाचा खरा उपयोग आहे.

म्हणून त्या मुलीला ‘घे’ किंवा ‘नको’ असे एका शब्दात सांगण्याआधी कार्यकर्त्याने तिच्याबरोबर महाविद्यालयात जावे. इंग्रजी विभागात पूर्ण वेळचे प्राध्यापक किती आणि तासिकेवरचे किती, हे विचारावे. तास खरोखर होतात का, हे गेल्या वर्षीच्या मुलांना विचारावे. कार्यालयात विचारून उपयोग नाही. ग्रंथालयात पाठ्यपुस्तके आहेत की नुसती गाईडे, हे स्वतः पाहावे. सोबत मराठी किंवा अर्थशास्त्र हा विषय घेता येतो का, हे पाहावे, म्हणजे एकाच दोरीवर सारे ओझे पडणार नाही. आणि तिला विचारावे, की वाचायला आवडते का? आवडत असेल तर अर्ज भरावा. केवळ नोकरीपुरती भाषा हवी असेल तर तिने आवडीचा दुसरा विषय घ्यावा आणि इंग्रजी बोलण्यालिहिण्याचा सराव वेगळा करावा. त्या सरावाची सोय गावात नसेल, तर पक्षाच्या कार्यालयात संध्याकाळी दिवा लावून ती करता येते. एक चांगला शब्दकोश, एक इंग्रजी वर्तमानपत्र आणि आठवड्यातून दोन दिवस येणारा एखादा निवृत्त शिक्षक, एवढ्यावर आरंभ होतो. रिक्त जागांसाठी विद्यापीठावर मोर्चा काढावयाचा तो काढावाच. त्या मोर्चाचे निवेदन इंग्रजीत आणि मराठीत लिहिण्याचे काम याच वर्गातल्या मुलांकडे द्यावे.

प्रवेशाची मुदत फार थोड्या दिवसांची असते, एवढे कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावे.