स्नायूंतील एका विकराची उणीव
(व्याख्यानाचा मजकूर)



शाळेच्या मैदानावर धावण्याची शर्यत सुरू होते आणि एखादा विद्यार्थी मिनिटभरातच पोटऱ्या धरून खाली बसतो. अंगापिंडाने तो धडधाकट दिसतो. ताप नाही, खोकला नाही. साहजिकच त्याच्यावर 'कामचुकार' असा शिक्का बसतो व शिक्षा म्हणून त्यास आणखी दोन फेऱ्या मारावयास सांगण्यात येते. अशा तक्रारीमागे बहुधा सरावाचा अभाव किंवा रक्तक्षय असतो. परंतु क्वचित प्रसंगी स्नायूंतील एका विकराची, म्हणजेच एन्झाइमची, जन्मजात उणीव हे तिचे कारण असते. अशा मुलाला दिलेली शिक्षा त्याच्या मूत्रपिंडांवर बेतू शकते.

१९५१ साली लंडनमधील डॉ. ब्रायन मॅकआर्डल यांनी ३० वर्षे वयाच्या एका रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. श्रम केले की त्याचे स्नायू दुखत व आखडत. हाताने कष्टाचे काम केल्यास निरोगी माणसाच्या रक्तातील लॅक्टिक आम्ल वाढते. या रुग्णाच्या रक्तात ते वाढले नाही. स्नायूंत साठविलेल्या ग्लायकोजेनचे विघटन होत नसावे, असा निष्कर्ष त्यावरून निघाला. पुढे १९५९ मध्ये अशा रुग्णांच्या स्नायूंत मायोफॉस्फोरिलेज हे विकर नसल्याचे अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले. हा विकार आज मॅकआर्डल यांच्याच नावाने ओळखला जातो.

कोठार धान्याने भरलेले असावे, पण कुलपाची किल्ली हरवलेली असावी, तशी या स्नायूंची अवस्था असते. जोराने धावणे, जिना चढणे, ओझे उचलणे अशा तीव्र श्रमांत स्नायूंना तत्काळ ऊर्जा लागते आणि ती मुख्यत्वे या साठ्यातूनच मिळते. तो वापरता न आल्यामुळे स्नायू थकतात व आखडतात. मात्र रुग्ण वेग कमी करून सावकाश चालत राहिला, तर आठ-दहा मिनिटांत रक्तावाटे ग्लुकोज व मेदाम्ले स्नायूंपर्यंत पुरेशी पोहोचू लागतात आणि चालणे सुकर होते. मघाशी बसलेला मुलगा नंतर सहज चालतो, हे ढोंग नसून याच विकाराचे लक्षण असू शकते.

वेदना सोसून श्रम चालूच ठेवल्यास स्नायूतंतू फुटतात, त्यांतील मायोग्लोबिन रक्तात उतरते आणि लघवी कोऱ्या चहासारखी गडद होते. अशा वेळी रुग्णास विनाविलंब रुग्णालयात न्यावे. मूत्रपिंडे निकामी होण्याचा धोका असतो.

या उणिवेवर कायमचा इलाज अद्याप उपलब्ध नाही. तथापि श्रमापूर्वी साखरेचे पाणी घेतल्याने त्रास कमी होतो, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आढळले. हा उपाय वैद्यकीय सल्ल्यानेच करावा, कारण नित्य साखरेने वजन वाढते. सौम्य व नियमित व्यायामही हितकर ठरतो. आई व वडील या दोघांकडून सदोष जनुक आल्यासच हा विकार होतो. जवळच्या नात्यातील विवाहांत ही शक्यता वाढते.

हा विकार अत्यंत विरळ आहे. म्हणून प्रत्येक दमलेल्या मुलाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु स्नायू वारंवार आखडत असतील किंवा लघवी गडद होत असेल, तर मुलाला शिक्षा न करता डॉक्टरांकडे पाठवावे. रक्ताच्या साध्या तपासणीपासून निदानाची सुरुवात होते. त्या मुलाला शर्यतीतून सूट मिळावी, पण खेळातून वगळले जाऊ नये. त्याला त्याच्या गतीने चालू द्यावे.