बढती नाकारण्याचा अर्ज

(गावातील तीन मुली सरकारी नोकरीच्या परीक्षेत उतरल्या, त्याबद्दल चावडीपुढे भरलेल्या सभेत एका निवृत्त अव्वल कारकुनाने केलेले भाषण.)



आज आपण तीन मुलींच्या गळ्यात हार घातले. दोघी तलाठ्याच्या परीक्षेत उतरल्या, तिसरी तहसील कचेरीत कारकून म्हणून लागणार. एकीचा बाप कुणबी, एकीचा कुंभार आणि एकीचा माझ्यासारखा सुतार. हे पाहून कोणास आनंद होणार नाही? मलाही झाला. परंतु महसूल खात्यात माझी सारी उमर गेली, त्यामुळे हार घालतानाही डोक्यात हिशेब चालूच राहतो. तो आज तुमच्यापुढे मांडतो. थोडा कडू लागेल, पण ऐकून घ्या.

कारकून म्हणून लागलेला मनुष्य खात्याची परीक्षा देऊन अव्वल कारकून होतो. त्यापुढे नायब तहसीलदार, मग तहसीलदार, मग उपजिल्हाधिकारी. तलाठ्याची वाट मंडळ अधिकाऱ्यावरून जाते, पण पुढे याच जिन्यास येऊन मिळते. उपजिल्हाधिकाऱ्यांतून काही जण निवडून भारतीय प्रशासन सेवेत घेतात. त्या सेवेतील सुमारे एक तृतीयांश जागा अशा खालून चढून आलेल्या माणसांकरिता असतात. म्हणजे या चावडीपासून मुंबईच्या मंत्रालयापर्यंत जिना आहे. अरुंद आहे, पायऱ्या उंच आहेत, पण आहे. आम्ही लोक काय करतो? पहिल्या पायरीवर हार घालतो, पेढे वाटतो आणि घरी जातो. दुसऱ्या पायरीवर मुलीचे काय झाले, हे पाहावयास कोणी थांबत नाही. या राज्यात सरळ भरतीमध्ये स्त्रियांकरिता शंभरात तीस जागा राखीव आहेत. बढतीत तशी तरतूद नाही. पहिली पायरी कायद्याने दिली; पुढच्या ज्याच्या त्याने चढावयाच्या.

एक काळ असा होता की, नियमच आड येत असे. इंग्रजांच्या आय. सी. एस. मध्ये अखेरपर्यंत स्त्रीस प्रवेश नव्हता. आमच्याकडे कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मात्र रखमाबाई केळवकर यांस संस्थानातील मुलींच्या शाळांवर अधिकारी नेमले आणि त्यांची कन्या कृष्णाबाई हिला वैद्यकी शिकण्यास विलायतेस पाठविले. एका संस्थानिकास जे सुचले, ते लंडनच्या सरकारास सुचले नाही. असो.

स्वराज्य आले, राज्यघटना आली, सरकारी नोकरीत स्त्री-पुरुष समान असे तीत लिहिले गेले. १९५१ साली केरळातील अॅना राजम जॉर्ज ही मुलगी भारतीय प्रशासन सेवेत दाखल झाली. पहिलीच स्त्री. तिच्या नेमणुकीच्या कागदावर काय लिहिले होते, ठाऊक आहे? लग्न केलेस तर नोकरी संपेल! पुरुषाच्या कागदावर अशी ओळ कधी कोणी पाहिली आहे काय? पुढे १९५४ च्या भरतीच्या नियमांतही ही गोष्ट घालण्यात आली की, विवाहित स्त्रीस नेमणुकीचा हक्क नाही आणि नोकरीत असताना तिने लग्न केले तर सरकार तिला राजीनामा मागू शकेल. हा नियम १९७२ साली निघाला. घटना लागू होऊन बावीस वर्षे झाल्यावर!

दुसरी गोष्ट कोडगूच्या मुथम्मांची. बाप लहानपणीच गेला, आईने मुले शिकविली. ही मुलगी परदेश खात्याच्या सेवेत शिरलेली पहिली स्त्री. लग्न केल्यास राजीनामा देईन, असे तिच्याकडून लिहून घेतले होते. पुढे वरच्या श्रेणीत बढतीची वेळ आली तेव्हा तिला डावलले. ती गप्प बसली नाही. थेट सर्वोच्च न्यायालयात गेली. खटला उभा राहताच सरकारने तिला बढती देऊन टाकली. १९७९ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकाल दिला. बढती मिळाल्यामुळे अर्ज निकाली निघाला, परंतु स्त्रियांविरुद्धच्या असल्या नियमांवर न्यायमूर्तींनी कडक ताशेरे ओढले. परदेश खात्यातील स्त्रीने लग्नापूर्वी सरकारची लेखी परवानगी घ्यावी, हा नियम तोवर कागदावरून पुरता पुसलाही गेला नव्हता. लग्नाला परवानगी आईबापांची नव्हे, खात्याची!

आता असा नियम कोठे नाही. १९८७ च्या तुकडीतील सुजाता सौनिक या ३० जून २०२४ रोजी महाराष्ट्राच्या मुख्य सचिव झाल्या. त्यांचे पतीही त्याच सेवेत, त्याच तुकडीतले, आणि तेही आधी मुख्य सचिव होऊन गेले. लग्न झाले म्हणून घरी बस, असे त्यांना कोणी म्हटले नाही. पण दोन आकडे लक्षात ठेवा. राज्य १९६० साली झाले आणि त्या खुर्चीवर पहिली स्त्री बसण्यास ६४ वर्षे लागली. आणि त्या बाईंस तेथवर पोहोचण्यास ३७ वर्षे नोकरी करावी लागली. दिल्लीत तर मंत्रिमंडळ सचिवाच्या जागेवर आजवर एकही स्त्री बसलेली नाही. नियम निघाला तरी खुर्ची लगेच मिळत नाही, कारण मधली सारी वर्षे नोकरीत टिकून वर चढत राहावे लागते. त्या मधल्या वर्षांत बायका गळतात कोठे? ते मला ठाऊक आहे, कारण एकीस मीच गळविले आहे.

ही माझ्या घरची गोष्ट. आजवर चारचौघांत सांगितली नाही.

माझी थोरली सून कारकून होती. माझ्याच खात्यात, पण दुसऱ्या कचेरीत. घरचे सारे आवरून रात्री चुलीपाशी बसून अभ्यास करी. महसूल अर्हता परीक्षा पहिल्याच खेपेस उतरली. माझ्या मुलास नोकरी नव्हती, तो आमचे सुतारकामच पाहतो. पुढे बढतीची यादी निघाली. अव्वल कारकून म्हणून तिचे नाव आले, पण जागा मिळाली शेजारच्या तालुक्यात, एसटीने दोन तासांची वाट. नात तेव्हा चार वर्षांची होती.

संध्याकाळी मी तिला बोलाविले. कागद पुढे ठेवला. म्हणालो, "लिही." आणि मजकूर सांगितला. ‘कौटुंबिक अडचणीमुळे मी सदर पदोन्नती नाकारीत आहे.’ कारकुनी भाषा माझ्या हाडात मुरलेली. एक काना चुकला नाही. तिने लिहिले, सही केली, उठून भाकऱ्या करावयास गेली.

मंडळी, ती कौटुंबिक अडचण म्हणजे कोण? म्हातारी अंथरुणास खिळली नव्हती. पोर आजारी नव्हते. अडचण म्हणजे मी. मला सकाळी सहाला चहा लागे आणि सून पाहुण्यांसारखी रविवारी घरी आलेली माझ्या इभ्रतीस खपत नव्हती. लोक म्हणतील सुताराची सून परगावी राहते! ज्या लोकांनी कधी माझ्या दाराशी वाटाणा टाकला नाही, त्यांच्या बोलण्याची मला केवढी भीती!

बढती नाकारली की काय होते, ते कचेरीबाहेरच्यांस ठाऊक नसते. नाव यादीतून उतरते, मागचे पुढे सरकतात आणि फिरून वेळ येण्यास वर्षे जातात. तिच्या हाताखाली काम शिकलेला एक पोरगा नायब तहसीलदार झाला. ही टिपणी लिहून त्याच्यापुढे ठेवी. तो चांगला पोरगा, ‘वहिनी’ म्हणे. पण सही त्याची चाले.

मला ती कधी काही बोलली नाही. एकदाच, नातीच्या शाळेचा कसलासा अर्ज लिहावयाचा होता, मी लेखणी पुढे केली, तेव्हा म्हणाली, "मामंजी, हा मी माझ्या मनानं लिहिते." बस्स, इतकेच.

हिशेब असा आहे. राज्याच्या नोकरीतून अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त व्हावे लागते. आपल्या मुली लवकर लागत नाहीत. आधी बापाकडे फीचे पैसे नसतात, मग दोनतीन खेपा परीक्षा हुकते, मग लग्न होते आणि सासरी राहून पुन्हा अभ्यास. तिसाव्या वर्षी कारकून म्हणून लागली तर पुढे अठ्ठावीस वर्षे उरतात. एक बढती नाकारली की त्यातील चारपाच वर्षे गेली समजा. दोन नाकारल्या की तहसीलदाराची खुर्ची दिसतच नाही. ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या दप्तर आहे, त्यांची मुलगी बाविसाव्या वर्षी मोठ्या परीक्षेस बसते; तिच्याजवळ वेळ आहे. आपल्या मुलीजवळ नाही. सबब तिची एकेक वर्षे कुणब्याने बियाणे जपावे तशी जपली पाहिजेत.

सारा दोष घराचाच, असेही मी म्हणणार नाही. कचेऱ्या काय लायकीच्या असतात, हे मी पाहिले आहे. बाई आली की तिला आवक-जावकचे टेबल द्यावयाचे. जमिनीचे, वसुलीचे, निवडणुकीचे काम द्यावयाचे नाही. मग बढतीच्या वेळी तोच साहेब म्हणतो, बाईंस अनुभव नाही! अहो, दिलात कधी? एका ठिकाणी तर बायकांकरिता मोरी नव्हती, आणि त्या बिचाऱ्या दिवसभर पाणी पीत नसत. मूल सांभाळण्याकरिता राज्य सरकारने आता स्त्री नोकरांस १८० दिवसांची रजा ठेवली आहे, केंद्र सरकार ७३० दिवस देते. ही रजा मागितली की तोंड वाकडे करणारे अधिकारी आहेत. मुलींनो, रजा हक्काची आहे. लेखी अर्ज करा, पोच घ्या. तोंडी विनंती करू नका. कारकुनाचा हा एवढा एक सल्ला फुकट घ्या.

आम्ही चौंडीच्या अहिल्याबाईंच्या तसबिरीस दरसाल हार घालतो. १७६७ पासून १७९५ पर्यंत तिने राज्य केले, असे मुलांकडून पाठ करून घेतो. पण ती तयार कोणी केली? मल्हाररावांनी. ते तिचे सासरे होते! मुलगा खंडेराव १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पडला. त्यानंतर त्या धनगर सरदाराने सुनेस माजघरात बसविले नाही. तोफखाना कोठे न्यावयाचा, रसदीची तजवीज कशी लावावयाची, हे तिला पत्रे लिहून कळविले, कामे सोपविली. १७६६ साली ते वारले तेव्हा सून कारभारात मुरलेली होती. मी शाळेत हे वाचले होते. सुनेकडून अर्ज लिहून घेताना आठवले नाही.

आता कोणी विचारील, बाई साहेब झाली म्हणून आमच्या बांधावर काय फरक पडणार? प्रश्न रास्त आहे. बाई वर गेली की लाच बंद होईल, असे मी सांगत नाही. स्त्री म्हणजे देवता, हेही थोतांडच. ती अॅना राजम पुढे आपल्याच उरण तालुक्यातील न्हावा-शेवा बंदराची प्रमुख झाली. १९८९ मध्ये बंदर सुरू झाले, त्याच साली तिला पद्मभूषण मिळाले. पण त्याच तालुक्यात जानेवारी १९८४ मध्ये जमिनीचा रास्त मोबदला मागताना पाच शेतकरी गोळीस बळी पडले होते. त्या गोळीबाराशी बाईंचा काही संबंध नव्हता. सांगावयाचे एवढेच की, खुर्चीवर कोण बसले, एवढ्यावर शेतकऱ्याचे सारे प्रश्न सुटत नाहीत.

तरी फरक पडतो, तोही मी पाहिला आहे. नवरा मेलेली बाई वारस नोंदीकरिता कचेरीत येते. दीर आधीच येऊन तलाठ्याशी बोलून गेलेला असतो. ती व्हरांड्यात उभी, डोक्यावर पदर, कागद मुठीत चुरगळलेला. तिला विचारावे तर ती ‘काही नाही’ म्हणून निघून जाई. माझी सून टेबलावर असली म्हणजे त्याच बाया आत येत, बाकावर बसत आणि बोलत. पण माझी सून ऐकूनच घेऊ शके. निर्णयाची सही तिची नव्हती. ती सही असलेल्या खुर्चीपर्यंत तिला मी जाऊ दिले नाही. म्हणजे मी एका सुनेचेच नव्हे, त्या व्हरांड्यातील बायांचेही नुकसान केले. करवसुली आपल्या घामाची, पगार आपल्या घामाचा, आणि खुर्चीवर आपली मुलगी नको, कारण सासऱ्यास चहा हवा!

तीन वर्षांमागे यादीत तिचे नाव फिरून आले. या खेपेस जागा आणखी लांब. मी विचारले नाही, ती बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मी माझी वळकटी बांधली आणि म्हणालो, "खोली मी पाहून येतो." आता त्या गावी सून, नात आणि मी असे राहतो, मुलगा शनिवारी येतो. कुकर लावणे मला जमते. भाकरी अजून गोल होत नाही, नात हसते. मुलास चांगले रंधा मारता येतो, पण पोळपाट हाती धरावयास तो अजून लाजतो, त्याचेही पाहू.

या तिघींपैकी एकीचे लग्न ठरत आहे आणि वरपक्षाची मंडळी येथेच बसली आहेत, असे कळते. पाव्हणं, राग मानू नका. मानपान, हळद, जेवणावळ हे सारे तुम्ही बोलला असाल. एक गोष्ट राहिली असेल, ती मी विचारतो. मुलीची पहिली बढती परतालुक्यात निघाली, तर तिच्याबरोबर राहावयास कोण जाईल? नवरा, सासू की सासरा? उत्तर आत्ता चारचौघांत नको. सुपारी फुटण्यापूर्वी मुलीस सांगा, आणि तिच्यासमक्ष सांगा.