मंगलपत्रिका : मजकूर, मांडणी आणि नावे

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



या व्यासपीठावरून आजवर विद्वानांची, वकिलांची, वैद्यांची व्याख्याने झाली. त्या परंपरेत एका मुद्रकाला उभे करून आपल्या चिटणीसांनी धाडसच केले आहे. मी १९६८ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, एका लहानशा छापखान्यात खिळे जुळविण्याच्या कामास लागलो. पुढे स्वतःचे ट्रेडल यंत्र बसविले, आणि ते भंगारात गेल्यावर काही वर्षे संगणकासमोरही बसलो. या काळात माझ्या हाताखालून ज्या पत्रिका गेल्या त्यांतील पुष्कळ आपल्याच घरांतील होत्या. तेव्हा आज मी जे दोष सांगेन त्यांतील काही आपले व काही माझे, असे समजून ऐकावे, ही विनंती.

छापील पत्रिका ही आपल्याकडील फार पुरातन वस्तू नव्हे. तिच्या आधी अक्षत होती. घरची माणसे कुंकवाने माखलेले तांदूळ घेऊन प्रथम गणपतीला व कुलदैवताला बोलावणे करीत आणि मग घरोघर जात. लांबच्या सोयऱ्यांना हाताने लिहिलेले पत्र जाई. आजही आपण पहिली पत्रिका देवापुढे ठेवतो व तिच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लावतो, ते त्या अक्षतेचेच स्मरण होय. सांगण्याचा हेतू इतकाच की, पत्रिका हे मुळात तोंडाने केलेले बोलावणे आहे. कोणी बोलावले, कोणाच्या कार्यासाठी, केव्हा आणि कोठे, हे चार शब्द ऐकणाऱ्याच्या कानी नीट पडले पाहिजेत, नक्षी त्यानंतर.

ज्या वृद्ध कंपोझिटरांच्या हाताखाली मी शिकलो ते प्रत्येक पत्रिकेचे प्रूफ हातभर लांब धरून पाहत. खेड्यातील आत्याबाईंना चष्म्यावाचून मुहूर्त आणि गाव वाचता आले पाहिजे, ही त्यांची परीक्षा. आमच्या केसमध्ये बारा, सोळा आणि चोवीस पॉइंटाचे खिळे असत, याहून फारसे काही नसे. म्हणून वधूवरांची नावे चोवीसात, मजकूर सोळात, आणि बारात केवळ पत्ता, असा आपोआप नेम झाला होता. दारिद्र्याने घालून दिलेला तो नेम चांगला होता. देवनागरीला वर मात्रा-वेलांट्या व खाली उकार लागतात. त्यामुळे त्याच पॉइंटात इंग्रजी अक्षर जेवढे मोठे दिसते तेवढे आपले दिसत नाही. इंग्रजी नमुना समोर ठेवून त्याच आकारात मराठी बसवू पाहणाऱ्यांची पत्रिका म्हणूनच मुंग्यांच्या रांगेसारखी दिसते. अक्षर दोन पॉइंट वाढवावे, ओळींत मोकळी जागा सोडावी, आणि जागा पुरत नसेल तर मजकूर कमी करावा. सांप्रत तर लालभडक कागदावर सोनेरी अक्षरे उठविण्याची रीत पडली आहे. दुकानातील झगझगीत दिव्याखाली ती शोभतात. घरी संध्याकाळी पत्रिका तिरपी धरून एकेक अक्षर शोधावे लागते. सुक्यामेव्याच्या पेटीला चिकटविलेल्या पत्रिकेविषयी मी बोलणार नाही. त्यातील बदाम चांगले असतात, एवढे मान्य करतो.

संगणकाने खिळ्यांचे कष्ट वाचविले, ही गोष्ट कृतज्ञतेने सांगितली पाहिजे. प्रा. र. कृ. जोशी यांच्यासारख्या अक्षरतज्ज्ञाने ‘मंगल’ ही अक्षरमुद्रा घडविली आणि घरोघरच्या संगणकावर देवनागरी वाचता येऊ लागली. परंतु एका पद्धतीने लिहिलेला मजकूर दुसऱ्या पद्धतीत नेताना वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते, जोडाक्षराचा पाय मोडतो, ‘गोऱ्हे’ अथवा ‘कुऱ्हाडे’ या आडनावांतील अर्धा र नाहीसा होतो. खिळ्यांच्या काळात चूक माणसाची असे. आता ती कोणाचीच नसते, म्हणून कोणी शोधत नाही. आपल्या ल आणि श यांची मराठी वळणे २००९ च्या नोव्हेंबरात शासनाने निर्णय काढून पुन्हा प्रमाण ठरविली. तरीही पत्रिकांत हिंदी वळणे सर्रास दिसतात. छापणाऱ्यास दोष देण्यापूर्वी आपण प्रूफ वाचले होते काय, हे प्रत्येकाने मनाशी विचारावे. व्हॉट्सॲपवर आलेले प्रूफ बोटाने मोठे करून नव्हे, तर कागदावर काढून, एकाने मोठ्याने वाचावे व दुसऱ्याने मूळ मसुद्याशी ताडून पाहावे.

तिथी-वारांचा घोळ हा स्वतंत्र विषय आहे. शक गुढीपाडव्याला बदलतो. म्हणून इसवी सनातून ७८ वजा करण्याचे गणित माघ-फाल्गुनातील लग्नाला चालत नाही, तेथे ७९ वजा करावे लागतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये शके १९४६ होते, मे महिन्यात १९४७. इंदूर-ग्वाल्हेरकडे राहणाऱ्या आपल्या कुटुंबांची अडचण आणखी निराळी. तेथील स्थानिक पंचांगात महिना पौर्णिमेला संपतो. त्यामुळे आपला वैशाख वद्य तो त्यांचा ज्येष्ठ कृष्ण. इंग्रजी तारीख ठळक अक्षरात दिली की हा वाद राहत नाही. आणि मुहूर्त मध्यरात्रीनंतरचा असेल तर विशेष जपावे, कारण पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो आणि घड्याळाचा रात्री बारा वाजता. मी स्वतः एकदा ‘शनिवार, रात्रौ १ वा. २० मि.’ असे जसेच्या तसे छापले. मुंबईची मंडळी शुक्रवारी रात्रीच येऊन दाखल झाली, तेव्हा दारी मांडवाचे बांबू नुकते उतरले होते. ‘शनिवारी रात्री, म्हणजे रविवार तारीख अमुक, १ वा. २० मि.’ एवढे छापले असते तर यजमानीणबाईंना पंचवीस पाने अवेळी वाढावी लागली नसती.

आता ज्यासाठी मी हे आमंत्रण स्वीकारले त्या मुद्द्याकडे येतो.

१९७९ सालची गोष्ट. एक बाई वहीच्या पानावर लिहिलेला मसुदा घेऊन छापखान्यात आल्या. यजमान जाऊन नऊ वर्षे झाली होती. शिवणकाम करून त्यांनी मुलीला वाढविले, शिकविले. मसुदा दिरांनी केला होता. वरती ‘कै. अमुक यांची ज्येष्ठ कन्या’, खाली निमंत्रक म्हणून दीर व जाऊबाई. दीर परगावी असल्यामुळे प्रूफ पाहण्यास त्या दोन दिवसांनी स्वतः आल्या. बोट ठेवून सारा मजकूर वाचला, मुलीच्या नावातील एक ऱ्हस्व उकार दीर्घ करून घेतला, आणि निघताना थांबून म्हणाल्या, “भाऊ, माझे नाव घातले तर पत्रिका अशुभ होते का हो?”

मी म्हणालो, “तसे नाही काकू, पण रिवाज नाही.”

“बरोबर आहे,” असे म्हणून त्या गेल्या. तीनशे पत्रिका छापून झाल्या, मी पैसे घेतले. छापलेला कागद रात्री सुकत घातला होता, तो गोळा करताना मला प्रथमच दिसले की, गेलेल्या माणसाला त्या पत्रिकेत एक आख्खी ओळ मिळाली होती आणि जिने ते कार्य उभे केले तिला एक अक्षरही नव्हते. एक ओळ वाढविण्यास मला दहा मिनिटे लागली असती. त्या बाई पुढे कधी भेटल्या नाहीत.

रिवाज, रिवाज म्हणतात तो कोणी लिहून ठेवलेला नाही, हे मी धंद्यातील माणूस म्हणून सांगतो. मसुदा करणारा मागील कार्याची पत्रिका समोर ठेवतो व तीत नावे बदलतो. आणि आम्ही छापणारे तर जुळविलेला फर्मा तसाच बांधून ठेवीत असू, पुढच्या गिऱ्हाइकाला स्वस्तात देता यावा म्हणून. अशा रीतीने एका घरातील संकोच दहा घरांचा रिवाज होतो. त्यात आम्हा मुद्रकांचा वाटा थोडा नाही.

१९९४ साली माझ्या भाचीचे लग्न ठरले. माझी थोरली बहीण तेव्हा विधवा होऊन सहा वर्षे झाली होती. ती पत्रिका मी स्वतः जुळविली आणि निमंत्रकांत पहिले नाव ‘श्रीमती’ लावून तिचे घातले, दिरांचे दुसरे. आमच्या एका वडीलधाऱ्या नातेवाइकांनी सुचविले की, देवापुढे ठेवण्यापुरत्या पाच प्रती तिच्या नावावाचून काढाव्यात. मी यंत्र थांबविले नाही. ते लग्नाला आले, अक्षता टाकल्या, आणि पुढे दोन वर्षे माझ्याशी बोलले नाहीत. बहीण मात्र आधी माझ्यावरच रागावली होती. लोक काय म्हणतील याची धास्ती तिला अधिक. नंतर तिने त्यातील एक पत्रिका ट्रंकेत जपून ठेवली, ती तिच्या पश्चात आम्हाला सापडली.

आता काळ पुष्कळ पालटला आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये वैधव्याच्या जाचक प्रथा बंद करण्याचा ठराव केला व शासनाने त्याच महिन्यात तो इतर गावांपुढे आदर्श म्हणून ठेवला. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत स्वतःच्या नावानंतर आईचे नाव, मग वडिलांचे, असा क्रम आला आहे. तरीही गेल्या मोसमात आपल्या ज्ञातीतील ज्या पत्रिका माझ्या घरी आल्या त्या मी काढून पाहिल्या. ज्या घरी वडील हयात आहेत तेथे आईचे नाव बहुधा आहे. जेथे वडील नाहीत तेथे काका आहेत, मामा आहेत, चिमुकल्यांचे बोबडे आर्जवही आहे, आणि आई कोठे आहे ते शोधावे लागते. पत्रिका छापण्यास कोणी ज्ञातीची परवानगी मागत नाही. तेव्हा मंडळाने यावर ठराव करावा असे माझे म्हणणे नाही. मसुदा घरातच होतो, तो करताना आईला जवळ बसवून घ्यावे एवढेच.

मजकुराचे दोन नमुने, सोळा पॉइंटात जुळविलेले, मी चिटणीसांच्या स्वाधीन केले आहेत. येत्या मोसमात ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांनी ते न्यावेत. निमंत्रकांची जागा मी रिकामी सोडली आहे. नावे लिहून आणावीत. प्रूफ तपासून देण्यास मी रोज सायंकाळी घरीच असतो.