पानं नसलेला पळस
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



सकाळपासून सात-आठ जणांनी विचारलं, निवृत्तीनंतर काय करतोस? मी म्हटलं, रेल्वे चालवतो. त्यावर एकजण म्हणाला, "काऊन बे, तू रेल्वेत कधी लागला होता?" म्हणून सगळ्यांना एकदमच सांगतो. गच्चीवरच्या खोलीत बारा फूट लांब प्लायवूडवर मी आपली नागपूर–नागभीड छोटी लाईन उभारतोय.

प्रमाण एकास ८७. खऱ्या लाईनचे रूळ ७६२ मिलिमीटर अंतरावर. ८७नं भागलं की पावणेनऊ येतात. बाजारात ९ मिलिमीटरचा रूळ मिळतो, तो चालून जातो. लांबीचं तसं जमत नाही. शंभर किलोमीटर धरले तरी साडेअकराशे मीटरचं टेबल लागेल, आणि घरात बायकोलाही राहायचं आहे. म्हणून इतवारी, उमरेड, भिवापूर एवढंच घेतलं.

इंजिन-डबे सोपे. मोतीबागच्या नॅरोगेज संग्रहालयात जाऊन डोळे भरून बघता येतात. कठीण आहे ती रुळाबाजूची जमीन. लाईन २०१९मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली, आणि शेतं काही संग्रहालयात ठेवत नाहीत.

चढउतार थर्माकोलचे, वरून प्लास्टरमध्ये बुडवलेल्या कागदाच्या पट्ट्या. माती मात्र खरी, उमरेड रोडवरून आणलेली काळी. मैद्याच्या चाळणीनं चाळायची, पसरायची आणि पातळ फेव्हिकॉल थेंबाथेंबानं सोडायचा. त्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब हवाच, नाहीतर पाणी वरच गोळे होऊन बसतं. हे कळायला माझी दोन शेतं वाया गेली. भिवापूरला वाळत घातलेल्या मिरच्यांसाठी आधी खरं तिखट वापरलं. घरभर शिंका, आणि वर्षभरात रंग तपकिरी! आता लाल रंगवलेला लाकडाचा भुसा आहे.

झाडं विजेच्या तारेतला तांबा पिळून केली. होळीचे दिवस दाखवायचे, म्हणून पळस हवा. हौसेनं वीस पळस केले, केशरी फुलं, खाली हिरवी पानं. रात्री दिवा लावून पाहिलं आणि आपले चित्रकलेचे सर आठवले. सर, आपण समोर बसला आहात. आठवीत माझ्या चित्रावर आपण लाल रेघ मारली होती: पळस भरात फुलतो तेव्हा त्याला पानं नसतात. पन्नास वर्षांनी तीच चूक! विसाच्या वीस झाडांची पानं चिमट्यानं उपटली, सर.

होळीच का, तर आपला भिवापूरकडचा मित्र. त्या वर्षी तो आपल्याला होळीला गावी घेऊन गेला होता, याच गाडीनं. दाराशी उभा राहून ओरडला होता, "ते पाहा आमचं घर!" दोन वर्षांपूर्वी तो गेला. माझं हे टेबल दाखवायचं राहूनच गेलं.

कौलारू घर केलंय, अंगणात लाल मिरच्या, शेजारी चिंच. पण नागभीडकडे जाताना ते डावीकडे होतं की उजवीकडे, हे मला काही केल्या आठवत नाही. सध्या डावीकडे ठेवलंय, चिकटवलेलं नाही. त्या गाडीत आपण पाचजण होतो. उरलेल्यांनी जेवणाच्या वेळी मला गाठा.