चोळांचे राज्य गेले, देऊळ राहिले
(जीर्णोद्धार सोहळ्यात दिलेले व्याख्यान)



अशा मंगल प्रसंगी एका राज्याच्या ऱ्हासाची कथा कशाला, असे कुणास वाटेल. परंतु तीत आपल्या कामाचा बोध आहे, म्हणून थोडक्यात सांगतो.

तामिळ देशात नवव्या शतकाच्या मध्यास विजयालय चोळाने तंजावर घेतले आणि पुढे सव्वाचारशे वर्षे त्याच्या वंशाने राज्य केले. राजराजाने तेथे बृहदीश्वराचे भव्य देवालय उभारले. १०१० साली ते पूर्ण झाले. त्याचा पुत्र राजेंद्र याच्या फौजा गंगेपर्यंत गेल्या, आरमार समुद्रापार श्रीविजयावर चालून गेले.

असे बलाढ्य राज्य एका लढाईत बुडाले नाही. ते आतून सैल होत गेले. बाराव्या शतकात ठिकठिकाणचे सामंत शिरजोर झाले. १२१६ च्या सुमारास सुंदर पांड्याने चोळदेशावर स्वारी करून तंजावर जाळले. होयसळ मध्ये पडले म्हणून चोळांना मुकुट परत मिळाला. पुढे १२३१ च्या सुमारास कोप्पेरुंजिंग या सामंताने आपल्या राजालाच, तिसऱ्या राजराजाला, कैदेत टाकले. त्यासही होयसळांनीच सोडविले. ज्याचे सिंहासन शेजाऱ्याच्या कृपेवर उभे, त्याचे राज्य किती दिवस टिकणार? १२७९ च्या सुमारास तिसऱ्या राजेंद्राबरोबर ते संपले.

चोळांचे राजवाडे मातीस मिळाले. तंजावरचे देऊळ मात्र उभे आहे व तेथे आजही पूजा चालते. हे कशामुळे? त्याच्या भिंतीच याचे उत्तर देतात. राजाने काय दिले, त्याची बहीण कुंदवै हिने काय दिले, कोणत्या गावाने काय पुरवावयाचे, हे सारे तेथे कोरलेले आहे. एका नंदादीपासाठी ९६ मेंढ्या धनगराच्या हवाली करीत आणि त्याने रोज ठरलेल्या मापाने तूप आणून द्यावयाचे. चोळांच्या शिलालेखांत अशा मेंढ्यांना ‘न मरणाऱ्या, न म्हाताऱ्या होणाऱ्या’ म्हणत. कारण एक गेली तरी कळपातील दुसरी धरून संख्या कायम राखावयाची असे.

पुढे पांड्य आले, नायक आले, सतराव्या शतकात व्यंकोजीराजांचे मराठे आले. सरफोजीराजांनी या देवळात जीर्णोद्धाराची कामे केली आणि १८०३ साली भोसले कुळाचा इतिहास मराठीत तेथल्याच भिंतीवर कोरविला. राजे बदलले, पण देवाची सेवा पुढच्याने उचलली.

मंडळी, सामंतांनी आपापला वाटा तोडून घेतला, म्हणून राज्य गेले. अनेकांनी आपापला वाटा उचलला, म्हणून देऊळ राहिले. आपल्या स्मरणिकेत देणगीदारांची नावे छापली जातील, ते योग्यच आहे. पण तंजावरच्या भिंतीवर देणगीबरोबर रोजचे काम कुणाकडे, हेही लिहिले आहे. आपणही तेलवातीची, झाडलोटीची पाळी घरोघर वाटून घ्यावी आणि ती यादी सभामंडपात लावावी. रंग दहा वर्षांत उडेल. पाळी चुकली नाही तर तो पुन्हा देणारे हात गावातच असतील.