कोनाचे माप

भुजा लांबविल्या की कोन मोठा होतो, असा शाळकरी मुलाचा पहिला समज असतो. मग ते मूल म्हैसूरनजीकच्या हिनकल गावचे असो, वा वर्ध्याकडील हिंगणघाटचे. वस्तुतः कोन म्हणजे एका दिशेकडून दुसऱ्या दिशेकडे वळण्याचे माप. भुजांच्या लांबीशी त्याला कर्तव्य नाही. पाटीवरील तीस अंशांचा कोन डोंगरशिखरांपर्यंत वाढविला, तरी तीसच अंशांचा राहतो.

याच गुणावर भारताची त्रिकोणमितीय मोजणी उभी राहिली. हिनकलपासून जवळच असलेल्या श्रीरंगपट्टणच्या १७९९ च्या लढाईत विल्यम लॅम्ब्टन होता. १८०२ साली त्याने मद्रासजवळ एक आधाररेषा साखळीने मोजली. तिच्या दोन्ही टोकांवरून दूरची खूण पाहून कोन घेतले, की त्रिकोणाच्या उरलेल्या बाजू गणिताने मिळत. त्या बाजूंवर पुढचे त्रिकोण रचले जात.

मात्र कागदावर जेमतेम दिसणारी एका अंशाची चूक किलोमीटरभर अंतरावर सुमारे साडेसतरा मीटरांची होते. म्हणूनच अर्ध्या टनाचे थिओडोलाइट यंत्र टेकड्यांवर चढविले जाई. लॅम्ब्टन १८२३ मध्ये हिंगणघाट येथे वारला. मोजणी पुढे हिमालयाच्या पायथ्याला पोहोचली. भुजा कितीही लांबोत, खरेखोटे ठरते ते आरंभीच्या वळणातच.